वर्तुळाचा दावा : 'फ्युचुरा' आणि अक्षररूपाचा अर्थ

१

साहित्यसमीक्षेत 'संहिता' हा शब्द आपण ज्या सहजतेने वापरतो, त्या सहजतेत एक गृहीतक दडलेले आहे. संहिता म्हणजे शब्दांचा विशिष्ट क्रम. तो क्रम कोणत्या अक्षरवळणात छापला गेला ही बाब छापखान्याची, समीक्षेची नव्हे, असे ते गृहीतक. कवितेची ओळ कोठे तुटते याची चर्चा आपण करतो. ती ओळ ज्या खिळ्यांनी उमटली त्यांची करीत नाही. साठोत्तरी लघुनियतकालिकांच्या चक्रमुद्रित पानांवर प्रथम प्रकटलेली कविता आज गुळगुळीत कागदावरील समग्र संग्रहात आपण वाचतो, आणि तीच कविता वाचली असे मानतो. या मानण्याचे समर्थन क्वचितच केले जाते, कारण त्याची गरजच कोणाला भासत नाही.

या गृहीतकाला मुद्रणव्यवसायातून मिळालेले सर्वांत प्रसिद्ध तात्त्विक रूप म्हणजे बीट्रिस वॉर्ड यांचे विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकाच्या प्रारंभीचे 'स्फटिकाचा पेला' हे प्रतिपादन. उत्तम अक्षरवळण नितळ पेल्यासारखे असावे. त्यातून मद्य दिसावे, पेला दिसू नये, असा त्याचा आशय. याउलट जेरोम मॅकगॅन यांनी १९९१ साली 'द टेक्स्च्युअल कंडिशन' या ग्रंथात भाषिक संकेतांच्या जोडीने ग्रंथिक संकेतांची संकल्पना मांडली. कागद, आकार, मांडणी, अक्षरवळण हे सारे अर्थनिर्मितीत सहभागी असतात, असे त्यांचे म्हणणे. हा सहभाग तत्त्वतः मान्य केला तरी खरा प्रश्न पुढेच आहे. अक्षररूपाला अर्थ असतो म्हणजे नेमके काय? तो अर्थ रूपात अंगभूत असतो, की वापरातून त्यावर चढतो? आणि चढत असेल, तर कोणताही अर्थ कोणत्याही रूपावर चढू शकतो काय?

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार एकाच उदाहरणाच्या आधारे करावयाचा आहे. पाउल रेनर (१८७८–१९५६) यांनी संकल्पिलेले आणि १९२७ साली फ्रँकफुर्टच्या बाउअर टाईप फाउंड्रीने बाजारात आणलेले 'फ्युचुरा' हे ते उदाहरण. ही निवड यादृच्छिक नाही. आपण कोणत्याही देशाचे, काळाचे वा हाताचे नसून केवळ भूमितीचे आहोत, असा दावा ज्या अक्षरवळणांनी केला, त्यांत फ्युचुरा अग्रगण्य आहे. निरर्थ असण्याचा दावा करणाऱ्या रूपाचा अर्थ तपासणे हा या प्रश्नाच्या मुळाशी जाण्याचा सर्वांत सरळ मार्ग होय.

२

फ्युचुराचा जन्म ज्या परिस्थितीत झाला ती ध्यानात घेतल्याशिवाय त्याच्या दाव्याचे वजन कळत नाही. विसाव्या शतकाच्या प्रारंभी जर्मन भाषा दोन प्रकारच्या अक्षरांत छापली जात होती. एक फ्राक्टूर, म्हणजे मध्ययुगीन हस्तलिखितांच्या परंपरेतून आलेले, कोनदार, मोडलेल्या रेषांचे वळण. आणि दुसरे आंटिक्वा, म्हणजे उर्वरित पश्चिम युरोपात रूढ असलेले रोमन वळण. यांपैकी कोणते स्वीकारावे हा वाद १९११ साली थेट राइखस्टागमध्ये, म्हणजे जर्मन संसदेत, पोहोचला होता. फ्राक्टूर निवडणे म्हणजे जर्मनपणाची ग्वाही देणे, आणि आंटिक्वा निवडणे म्हणजे युरोपशी नाते सांगणे, असा संकेत रूढ झालेला होता. अशा समाजात अक्षरवळणाची निवड निरागस असणे शक्यच नव्हते.

या वादातून बाहेर पडण्याचा एक मार्ग म्हणजे दोन्ही पक्षांच्या पलीकडचे अधिष्ठान शोधणे. पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मनीत ते अधिष्ठान भूमितीत सापडले. बाउहाउसमध्ये हर्बर्ट बायर यांनी १९२५ च्या सुमारास कॅपिटल अक्षरांना फाटा देणारी, वर्तुळ आणि सरळ रेषा यांपासून सिद्ध केलेली 'सार्वत्रिक' वर्णमाला रेखाटली. याकोब एर्बार यांचे एर्बार-ग्रोटेस्क आणि रुडॉल्फ कोख यांचे काबेल ही वळणेही याच काळातील. यान चिखोल्ड यांचा 'नवी मुद्रणकला' हा ग्रंथ १९२८ सालचा. फ्युचुराची गणना सर्रास बाउहाउसच्या निर्मितीत केली जाते, पण रेनर बाउहाउसचे सदस्य नव्हते. ते चित्रकार होते, म्युनिकमध्ये दीर्घकाळ ग्रंथसजावट केलेले मुद्रणतज्ज्ञ होते, आणि वयाने बायर किंवा चिखोल्ड यांच्या आधीच्या पिढीचे होते. १९२४ साली प्रकाशक याकोब हेग्नर यांनी आपल्या काळाला शोभेल असे अक्षरवळण हवे, अशी इच्छा त्यांच्याजवळ व्यक्त केली आणि रेखाटनांना प्रारंभ झाला. म्हणजे फ्युचुराची प्रेरणा ग्रंथातून आलेली आहे, यंत्रशाळेतून नव्हे.

३

आता खुद्द अक्षरांकडे वळू. फ्युचुराच्या रेषांना सेरिफ, म्हणजे टोकांवरील आडवी बोटे, नाहीत. 'ओ' हे अक्षर वर्तुळ वाटते. 'ए', 'व्ही', 'एम' यांची शिखरे टोकदार आहेत. लहान 'ए' म्हणजे एक वर्तुळ आणि त्याला चिकटलेला दंड. लहान 'जे' म्हणजे एक सरळ दंड आणि त्यावर बिंदू. रेषेची जाडी सर्वत्र सारखी वाटते. वर्तुळ, चौकोन आणि त्रिकोण एवढ्या सामग्रीतून सबंध वर्णमाला उभी राहिली आहे, अशी वाचकाची खात्री होते.

वरील वर्णनात 'वाटते' हे क्रियापद हेतुपुरस्सर वापरले आहे. मोजून पाहिले तर फ्युचुराची रेषा सर्वत्र सारखी नाही. आडव्या रेषा उभ्यांपेक्षा किंचित बारीक आहेत, कारण समान जाडीची आडवी रेषा डोळ्याला अधिक जाड भासते. 'बी', 'डी', 'पी' या लहान अक्षरांत वर्तुळ जेथे दंडाला मिळते तेथे ते निमुळते केले आहे, अन्यथा त्या सांध्यात शाईचा डाग पडल्यासारखे दिसले असते. गोल अक्षरे पायरेषेच्या किंचित खाली उतरतात, नाहीतर ती सपाट तळाच्या अक्षरांपेक्षा लहान दिसतात. म्हणजे भूमितीशी इमान राखल्याचा प्रत्यय यावा म्हणून येथे पदोपदी भूमितीशी बेइमानी केलेली आहे. अॅरिस्टॉटलने काव्यात अविश्वसनीय शक्यतेपेक्षा विश्वसनीय अशक्यतेला अधिक मोल दिले. फ्युचुराचे अक्षर या अर्थाने काव्याच्या बाजूचे आहे. भूमितीच्या नियमांनी ते बांधलेले नाही. ते भूमितीचे अनुकरण आहे.

दुसरी बाब याहून महत्त्वाची आहे. फ्युचुराची कॅपिटल अक्षरे रुंदीने समान नाहीत. 'ई', 'एफ', 'एल', 'एस' ही अरुंद, जवळजवळ अर्ध्या चौकोनात बसणारी. 'ओ', 'सी', 'जी' ही ऐसपैस. ही प्रमाणे कंपास आणि पट्टी यांनी ठरवून दिलेली नाहीत. 'ई' अर्ध्या चौकोनाचा असावा असे कोणताही भूमितीय सिद्धान्त सांगत नाही. ते सांगते रोमन शिलालेखांची परंपरा, ज्या परंपरेतील सर्वाधिक अभ्यासलेला लेख इसवी सन ११३ मधील ट्राजनच्या स्तंभावर आहे. कालातीत म्हणून पुढे आलेल्या या रूपात दोन हजार वर्षांपूर्वीच्या छिन्नीची स्मृती जपलेली आहे.

रेनर यांच्या आरंभीच्या रेखाटनांत भूमिती खरोखरच निरंकुश होती. लहान 'आर' म्हणजे एक दंड आणि त्याच्या शेजारी सुटा बिंदू. 'जी'मध्ये वर्तुळाला जोडलेला कोन. 'एन' आणि 'एम' यांना गोलाईऐवजी काटकोन. आरंभीच्या नमुनापत्रकांत यांपैकी काही पर्याय म्हणून दाखवलेही होते, परंतु कालांतराने ते मागे पडले. फ्युचुरा वाचनीय झाले ते या माघारीमुळे. बायर यांची वर्णमाला तत्त्वनिष्ठ राहिली आणि प्रामुख्याने इतिहासाचा विषय झाली. रेनर यांचे वळण तडजोडीमुळे शतकभर टिकले. लहान अक्षरांतून हाताची गती काढून घेऊन ती कॅपिटल अक्षरांच्या स्थिरतेशी जुळवावीत, हा रेनर यांचा प्रयत्न होता. वाचकाचा डोळा जेवढे सहन करील तेवढ्यापुरताच तो सफल झाला.

मराठी वाचकाला येथे मर्ढेकरांच्या लयतत्त्वाची आठवण होणे स्वाभाविक आहे. संवाद, विरोध आणि समतोल या लयींच्या परिभाषेत फ्युचुराच्या रूपाचे वर्णन उत्तम करता येते. वर्तुळांची पुनरावृत्ती हा संवाद, गोल आणि टोकदार यांची योजना हा विरोध, आणि अरुंद-रुंद अक्षरांच्या क्रमातून साधणारा समतोल. एवढे वर्णन खरे आहे आणि उपयुक्तही आहे. मात्र ते फ्युचुराच्या सौंदर्याविषयी काही सांगते, त्याच्या अर्थाविषयी मौन पाळते. हे मौन पुढील इतिहासासमोर टिकत नाही.

४

रेनर यांनी १९३२ साली 'सांस्कृतिक बोल्शेविझम?' ही पुस्तिका स्वित्झर्लंडमधून प्रसिद्ध करून नाझींच्या कलाविषयक प्रचाराचा प्रतिवाद केला. १९३३ साली त्यांना अटक झाली आणि म्युनिकमधील मुद्रणविद्यालयाच्या पदावरून दूर करण्यात आले. त्याच वर्षी चिखोल्ड यांनाही अटक होऊन देश सोडावा लागला, आणि बाउहाउस बंद पडले. एवढ्यावरून 'भौमितिक अक्षर म्हणजे लोकशाही, फ्राक्टूर म्हणजे हुकूमशाही' असे समीकरण मांडण्याचा मोह होतो, आणि लोकप्रिय इतिहासलेखनाने तो आवरलेला नाही. पण रेनर पदच्युत झाले तरी त्यांचे अक्षर पदच्युत झाले नाही. जर्मनीत ते विकले आणि वापरले जात राहिले. उलट ३ जानेवारी १९४१ रोजी मार्टिन बोरमानच्या परिपत्रकाने तथाकथित जर्मन अक्षरालाच, ते 'ज्यूंचे श्वाबाखर अक्षर' असल्याची धादांत खोटी सबब सांगून, हद्दपार केले. त्या परिपत्रकाचे शीर्षपत्र फ्राक्टूरमध्येच छापलेले होते. व्यापलेल्या युरोपवर राज्य करायचे तर युरोपला वाचता येईल असे अक्षर हवे, ही त्यामागची व्यावहारिक गरज होती, असे मानण्यास जागा आहे. ज्या सार्वत्रिकतेचे स्वप्न रेनर पाहत होते, तिची गरज साम्राज्यालाही असते.

महायुद्धोत्तर इतिहास याहूनही बोलका आहे. १९५९ पासून अमेरिकेत फोक्सवागेन मोटारीची जी जाहिरातमालिका डॉइल डेन बर्नबाख या संस्थेने चालवली, तिचे अक्षर फ्युचुरा होते. हिटलरच्या राजवटीत संकल्पिलेली मोटार, त्या राजवटीने पदच्युत केलेल्या माणसाच्या अक्षरात, न्यूयॉर्कमध्ये ज्यू धर्मीय बिल बर्नबाख यांच्या संस्थेने अमेरिकन ग्राहकाला विकली. येथे अक्षराने भूतकाळ बोलका केला नाही. तो पुसण्यास मदत केली. रोलाँ बार्थ यांनी १९५७ साली 'मिथॉलॉजीज'मध्ये दंतकथेचे जे कार्य सांगितले, म्हणजे इतिहासाला निसर्गाचे रूप देणे, ते येथे वर्तुळाने पार पाडले.

जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ च्या चांद्रयानाच्या पायावर जो पोलादी फलक चंद्रावर ठेवला गेला, त्यावरील मजकूर फ्युचुराच्या कॅपिटल अक्षरांत आहे. फलकाच्या माथ्यावर पृथ्वीचे दोन गोलार्ध आहेत, मजकूर सकल मानवजातीच्या वतीने आहे, भाषा इंग्रजी आहे, आणि खाली तीन अंतराळवीरांसह अमेरिकेच्या अध्यक्षांची सही आहे. सार्वत्रिकतेचा दावा आणि तो करणाऱ्याचा पत्ता एकाच पत्र्यावर असावा, याहून नेमके उदाहरण शोधूनही सापडणार नाही. सही नसती तर फलक सर्वांचा वाटला असता; अक्षराने तेच वाटवण्याचा प्रयत्न केला आहे.

बार्बरा क्रूगर यांचे काम या पार्श्वभूमीवर वाचावे लागते. मासिकांच्या मांडणीचा व्यवसाय केलेल्या या कलावतीने जाहिरातीतील तिरके ठळक फ्युचुरा उचलले आणि कृष्णधवल छायाचित्रांवर, लाल पट्टीत, पांढऱ्या अक्षरांत उपभोगसंस्कृतीवर नेम धरणारी वाक्ये छापली. देकार्तच्या सुप्रसिद्ध वचनात विचाराच्या जागी खरेदी बसवणारी त्यांची कलाकृती १९८७ सालची. बाख्तीन यांच्या परिभाषेत हे द्विस्वरी अक्षर आहे: त्यात जाहिरातीचा आवाज आणि त्या आवाजाची टवाळी एकाच वेळी ऐकू येते. वाचकाच्या डोळ्यावर दोन-तीन दशकांच्या जाहिरातींचा संस्कार नसता, तर ही टवाळी उमटलीच नसती. पुढे १९९४ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या 'सुप्रीम' या वस्त्रविक्रेत्याने लाल चौकटीतील पांढरे तिरके फ्युचुरा बोधचिन्ह म्हणून घेतले. क्रूगर यांच्या शैलीशी त्याचे साम्य उघड आहे. बाजारावरील टीका बाजाराची खूण झाली. अक्षर तेच, तिसऱ्यांदा फिरलेले.

या फेऱ्यांवरून अक्षररूपावर कोणताही अर्थ चढवता येतो, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. फोक्सवागेन, चंद्रावरील फलक आणि क्रूगर यांच्या हेतूंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पण या तिन्हींत अक्षर एकच काम करते. ते बोलणाऱ्याची ओळख पुसते आणि विधानाला स्वयंसिद्धतेचा स्वर देते. क्रूगर यांची टीका नेमकी या स्वरावर आहे, म्हणूनच त्यांना तो स्वर लागतो. बोरूने किंवा टाकाने लिहिल्यासारख्या अक्षरात तेच वाक्य एका व्यक्तीचे मत झाले असते. रूप अर्थ ठरवत नाही, परंतु कोणती भूमिका घेता येईल आणि कोणती घेता येणार नाही, याच्या सीमा ते आखते. सीमेच्या आतला अर्थ वापर ठरवतो, आणि प्रत्येक वापर पुढच्या वापरासाठी गाळ मागे ठेवतो.

५

मराठीशी या प्रश्नाचा संबंध दूरान्वयाने जोडण्याचे कारण नाही, कारण भौमितिक अक्षर आता देवनागरीत आलेले आहे. इंडियन टाईप फाउंड्रीचे 'पॉपिन्स' हे २०१४ सालचे वळण त्याचे ठळक उदाहरण. त्यातील देवनागरी निनाद काळे यांची आणि रोमन जॉनी पिनहॉर्न यांची. हे वळण मुक्त परवान्याने उपलब्ध असल्यामुळे त्याचा प्रसार मोठा आहे. रोमन भाग वर्तुळावर बेतलेला आहे, आणि दोन्ही लिपी शेजारी बसाव्यात म्हणून देवनागरी अक्षरांची मूळ उंची रोमनमधील 'बी', 'डी' यांच्या उंच दंडाइतकी राखलेली आहे. रोमन कॅपिटल अक्षरे देवनागरीपेक्षा ठेंगणी आहेत. म्हणजे येथे केवळ देवनागरीलाच रोमनच्या मापात कापलेले नाही, हे न्यायाने नोंदवले पाहिजे.

तरीही मूलभूत अडचण उरतेच. रोमन कॅपिटल वर्तुळ आणि सरळ रेषा यांच्याशी आधीपासून जवळीक राखून होते. छिन्नीने ते काम केलेले होते. देवनागरीचा पिंड बोरूच्या तिरक्या कापाचा. 'ठ' वर्तुळाला लगेच राजी होतो, 'ट' आणि 'ढ' थोड्या आग्रहाने होतात. 'झ', 'ह', 'क्ष', 'ज्ञ' यांच्याकडे भूमितीला वाटाघाटीच कराव्या लागतात. समान जाडीची रेषा गाठींत आणि जोडाक्षरांत कोंडी करते. शिवाय मराठी वाचकाच्या सवयीचे 'ल' आणि 'श' हिंदी वळणाहून वेगळे. तेव्हा 'सार्वत्रिक' देवनागरी नेमकी कोणाची, हा प्रश्न वर्तुळ काढण्याआधीच उभा राहतो.

यावर एक परिचित प्रतिक्रिया अशी, की देवनागरीचा आत्मा जाड-बारीक रेषेत आहे आणि एकजाड रेषा ही परकी आहे. ही भूमिका सहानुभूतीने पाहूनही स्वीकारता येत नाही. जाड-बारीक रेषा हा बोरू या साधनाचा परिणाम आहे. १८६९ साली मुंबईत स्थापन झालेल्या निर्णयसागर मुद्रणालयाच्या परंपरेतील देखण्या खिळ्यांनी तो धातूत जपला, कारण त्या काळच्या वाचकाचा डोळा पोथीवर घडलेला होता. धातूला स्वतःला त्याची गरज नव्हती. एका साधनाच्या संकेताला लिपीचे सत्त्व मानणे ही रेनर यांच्याच चुकीची दुसरी बाजू होय. रेनर यांनी कंपासला निसर्ग मानले, आपण बोरूला मानतो. दोन्हीकडे इतिहासाचे नाव खोडलेले असते. बापूराव नाईक यांच्या १९७१ सालच्या देवनागरी मुद्रणाक्षरांवरील ग्रंथाने साधन आणि रूप यांच्या संबंधाचा जो दीर्घ पट मांडला, त्याचा समीक्षेने लाभ घेतलेला दिसत नाही. र. कृ. जोशी हे चित्रकाव्याचे कवीही होते आणि संगणकावरील 'मंगल' या देवनागरी वळणाचे कर्तेही. त्यांची ही दोन कामे दोन वेगळ्या विद्याशाखांत वाटली गेली, यातच आपल्या विचारातील फट दिसते.

६

रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) या ग्रंथात कलेविषयीच्या लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी भूमिकांचा जो ताण उलगडून दाखवला, तो अक्षररूपालाही लागू पडतो. फ्युचुरा स्वतःला अलौकिक म्हणवते. त्याचा इतिहास अथपासून इतिपर्यंत लौकिक आहे. मात्र त्याचे अलौकिकत्व निव्वळ खोटे ठरवूनही भागत नाही, कारण त्या दाव्याच्या बळावरच त्याने लौकिकातील कामे पार पाडली. दावा खोटा आणि परिणाम खरा, अशी ही स्थिती आहे. २००९ साली 'इकिया' या फर्निचर विक्रेत्याने फ्युचुरावर बेतलेले आपले अक्षर सोडून 'व्हर्डाना' घेतले. सर्व देशांत आणि संगणकाच्या पडद्यावर एकच अक्षर हवे, हे त्याचे कारण. आणि या बदलावर अनेक देशांतील वाचकांनी नाराजी व्यक्त केली. सार्वत्रिकतेसाठी घडवलेले अक्षर सार्वत्रिकतेसाठीच बाजूला सारले गेले, आणि वाचक हळहळले ते एका विशिष्ट, सवयीच्या चेहऱ्यासाठी. तोवर त्या वर्तुळाला एक पत्ता मिळालेला होता.

समीक्षेपुरता यातून निघणारा निष्कर्ष मर्यादित आहे, पण टाळता येण्याजोगा नाही. अक्षरवळणाचा अर्थ त्याच्या आकृतीतून थेट वाचता येत नाही, आणि केवळ संदर्भातून बहालही करता येत नाही. रूपाने आखलेली सीमा आणि वापराने साचवलेला गाळ, या दोहोंचे वर्णन एकत्र करावे लागते. हे मान्य केले तर चक्रमुद्रित पानावरची कविता आणि समग्र संग्रहातील कविता यांतील फरक केवळ पाठभेदांच्या यादीत मावणार नाही. पहिलीच्या पुसट, असमान अक्षरांत प्रस्थापित मुद्रणाशी असलेले वैर वाचता येत होते. दुसरीत त्याच शब्दांना प्रस्थापिताचा नितळ स्वर मिळाला आहे. बंडखोर कवितेचे अभिजातीकरण कधी आणि कसे झाले, हे आपण पुरस्कार आणि अभ्यासक्रम यांच्या आधारे शोधत आलो आहोत. त्याचा एक पुरावा पानावरच छापलेला असतो. तो वाचायचा, तर पेला नितळ असल्याची आपली खात्री आधी सोडावी लागेल.